अकरा वल्कलं

प्रिय नामुली,

मी बरी आहे, असं गेले तीन-चार महिने मी तुला फोनवर सांगत आले. ते खोटं होतं. एप्रिलमध्ये, ईस्टर होऊन चारच दिवस झाले असतील, डॉक्टरांनी माझं पोट उघडलं, हातभर आतडं कापून फेकून दिलं आणि डाव्या बाजूला एक भोक ठेवलं. त्या भोकावर पिशवी बांधायची, आणि एरवी जे खालच्या वाटेने जातं ते त्या पिशवीत गोळा करायचं. चाळीस वर्षं मुलींना ताठ बसा, पोट आत घ्या म्हणून ओरडणारी मुख्याध्यापिका आता पोटावर पिशवी बांधून हिंडते. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि रडणाऱ्या माणसाशी मला बोलता येत नाही. म्हणून मस्कतला निघालेल्या एका बाईबरोबर हे पत्र पाठवतेय. वाटेत तिने फोडून वाचलं तर वाचू दे, चार ओळी शुद्ध भाषेतल्या तिच्या नजरेखालून जातील.

तू कासालिना आत्याकडे पाठवलेला निरोप मला पोचला. ख्रिसमसपर्यंत तिकडचं काम सोडणार आणि माझ्याकडे न येता सरळ पोन्सियानोच्या घरी जाणार. तो घेईल का परत, ते त्याला विचार, असं तू आत्याला सांगितलंस. आईला नाही, आत्याला. बरोबरच आहे, आपल्याकडे लग्नाचं बघायचं ते आत्यानेच, आणि मी काय म्हणाले असते ते तुला ठाऊकच होतं. त्या निरोपाचं शेवटी लिहीन. त्याआधी तुला एक कळायला हवं. चार वर्षांपूर्वी ज्या नवऱ्याला तू टाकून गेलीस, आणि ज्याला टाक म्हणून मीच तुझे कान भरले, तोच गेले दोन महिने माझी पिशवी बदलतो. सासूची पिशवी, आणि जावई. पुन्हा वाच हवं तर, बरोबरच वाचलंस.

झालं असं, की उपासाचे चाळीस दिवस मी नेहमीसारखे कडक पाळले आणि ईस्टरला तुझ्या आत्याने केळीच्या पानात वाफवलेली कच्च्या केळ्यांची मटोके आणि शेंगदाण्याची आमटी दोनदा वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आत्याने पपईच्या पानांचा काढा पाजला. मग तूप चोळलं. मग गुडघे टेकून जपमाळ ओढली. तिच्याकडे तीनच औषधं आहेत आणि ती प्रत्येक आजाराला याच क्रमाने देते. दोन दिवसांनी मी हिरवं ओकायला लागले तेव्हा घाबरून तिने पोन्सियानोला फोन केला. मला कळलं असतं तर करू दिला नसता. तो मिशनच्या इस्पितळाची गाडी घेऊन आला आणि रीतीप्रमाणे दाराबाहेरच गुडघ्यावर बसला. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, पण त्याने माझं तोंड कधी नीट पाहिलेलं नव्हतं की मी त्याचं. सासू आत, जावई बाहेर, मध्ये भिंत. त्या भिंतीपलीकडून हा गृहस्थ विचारतो, "आई, वारा सरतोय का?" मी आत्याला म्हटलं, "त्याला सांग, मुख्याध्यापिका असल्या प्रश्नांना उत्तरं देत नाहीत." बाहेरून आवाज आला, "म्हणजे सरत नाहीये. आत्या, त्यांना गाडीत घाला." इतक्या उद्धटपणे माझ्याशी चाळीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं. त्याने उद्धटपणा केला नसता तर मी त्याच खाटेवर मेले असते, असं नंतर डॉक्टर म्हणाले. डॉक्टरही कसले, ओठांवर नीट मिसरूडही नाही. "आजी, आतडं स्वतःभोवती वळलं होतं आणि काळं पडलं होतं, आम्ही काढून टाकलं." हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू माझ्या घरचं गटार साफ करून दिलं.

इस्पितळातले सोळा दिवस मी तुला सांगत बसत नाही. पोटावर काय आहे ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कोणीतरी ओला लाल टोमॅटो चिकटवून गेलंय. तो हलतो. स्वतःच्या मर्जीने आवाज करतो. त्याला कुलूप नाही, किल्ली नाही, वेळकाळ नाही. नर्स पोरी पिशवी बदलताना नाक मुरडायच्या आणि तोंडाने "काही नाही हो आजी, होतं असं," म्हणायच्या. मी त्यांची नावं विचारून घेतली, दोघी माझ्याच शाळेतल्या निघाल्या, आणि त्या पाचवीत असताना दोघींना मी बाकावर उभं केलेलं होतं. पोन्सियानो त्याच वॉर्डात कामाला, पण माझ्या खाटेकडे फिरकायचा नाही. पडद्याच्या पलीकडे उभा राहून त्या पोरींना सांगायचा, "आधी साबणाचं पाणी, मग कोरडं करा, मग मलम, घाई करू नका, कातडी भाजेल." पोरी घाई करायच्या. त्याला पडद्याआडूनच कळायचं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. तेव्हा मला त्याचा संताप यायचा. बेडपॅनवाला तो बेडपॅनवालाच, असं मनात म्हणायचे. हे मी तुझ्यापुढेही कितीदा म्हटलंय. पदवी घेतलेली माझी मुलगी आणि नवरा काय करतो, तर लोकांची ढुंगणं पुसतो. हे वाक्य माझंच आहे, नाकारत नाही.

घरी आल्यावर आपली माणसं आली. तुझा भाऊ मातिया कंपालाहून मोठी गाडी घेऊन आला आणि द्राक्षं घेऊन आला, जी मला चालत नव्हती, म्हणून ती त्यानेच खाल्ली. त्याची बायको नाकाला रुमाल लावून कोपऱ्यात बसली आणि डोळे मिटून मोठ्याने इंग्रजीत प्रार्थना करू लागली. देवाला आपली लुगांडा भाषा येत नाही असं तिला कोणी सांगितलं कोण जाणे. "मम्मी, तू कंपालाला चल, गॅरेजशेजारी एक खोली आहे," मातिया म्हणाला. मम्मी! मी त्याला म्हटलं, "गाडी कुठे ठेवशील मग?" दोघं जेवणाआधीच निघाले. पिशवी कशी बदलतात हे बघायला तो थांबला नाही, मी सांगितलंही नाही. मग तुझ्या आत्याची पाळी. ती चांगली बाई आहे, मी तिच्याविरुद्ध बोलत नाही. पण तिने पिशवी सोडली, तो लाल टोमॅटो पाहिला आणि माझ्याच पायांवर ओकली. मोलकरीण ठेवली, ती दोन दिवसांत गावी कोणीतरी वारलं म्हणून गेली. तिच्या गावी त्या आठवड्यात बरीच माणसं वारली असणार. स्वतः करायला जावं तर मला पोटाच्या घडीखालचं दिसत नाही आणि बोटांतली पकड गेलेली. ज्या हातांनी हजारभर मुलींना बारीक टाके घालायला शिकवलं, त्यांना पिशवीची एक रिंग भोकावर बसवता येईना. पिशव्या गळायच्या. कातडी भाजून लालभडक झाली. चादर, अंग, केस, सगळ्याला तो वास. मी कोणाला जवळ येऊ देत नव्हते.

मेच्या शेवटी एका दुपारी पोन्सियानो पिशव्या द्यायला आला. दाराबाहेर गुडघ्यावर बसला. आत्या शेतात गेलेली. मी सकाळपासून त्याच घाणीत पडून होते, उठायचं त्राण नव्हतं, आणि आपली ही अवस्था त्याला कळू नये म्हणून आवाजही करत नव्हते. पण वास लपत नाही. "आई, आत येऊ का?" तो म्हणाला. मी ओरडले, "खबरदार." तो बाहेरच बसून राहिला. मग म्हणाला, "आई, मी सांगतो तसं करून बघा." आणि दारापलीकडून एकेक पायरी सांगू लागला, हळूहळू, मी इयत्ता पहिलीला सांगायचे तशी. मला एकही जमली नाही. शेवटी मी रिंग भिंतीवर फेकली. नामुली, तुला माहीत आहे जावयाने सासूचं उघडं अंग पाहिलं तर काय होतं म्हणतात. हात थरथरायला लागतात, आणि ती थरथर मरेपर्यंत जात नाही. मी शिकलेली बाई, मी असलं मानत नाही असं आयुष्यभर सांगत आले. पण तो मानतो. आणि त्याचे हात कसले आहेत? वॉर्डात तान्ह्या पोरांच्या शिरेत सुई घालायची तर डॉक्टरसुद्धा त्यालाच बोलावतात. ते हात गेले तर त्याच्याकडे उरतं काय? तो तासाभरासाठी कुठेतरी गेला. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर घडी केलेलं वल्कल होतं, आपल्या मुतुबा झाडाच्या सालीचं, नवंकोरं. ते त्याने दारातून आत सारलं आणि म्हणाला, "आई, हे अंगावर घ्या. जुनी माणसं म्हणायची, चुकून दिसलं तर वल्कल द्यावं, म्हणजे थरथर लागत नाही. लागलीच तर मला लागू दे." आणि तो आत आला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याने पाणी तापवलं, सगळं पुसलं, भाजलेल्या कातडीवर मलम लावलं, आणि रिंग बसवली. तासभर लागला असेल. पिशवी तीन दिवस गळली नाही.

आता जुन्या माणसांनी वल्कल सांगितलं ते चुकून एकदा दिसलं त्यासाठी. दर तिसऱ्या दिवशी ठरवून दिसेल, हे त्यांच्या डोक्यात कुठून येणार? पण पोन्सियानो सरळ माणूस, त्याला पळवाट काढता येत नाही. जितक्या वेळा पिशवी, तितकी वल्कलं. दर तिसऱ्या दिवशी हा माणूस सायकलवर वल्कल बांधून गावातून माझ्या घरी. आणि वल्कल आपल्याकडे दुसरं कशाला लागतं ते तुला सांगायला नको, मेलेल्या माणसाला गुंडाळायला. चार झाली तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. सात झाली तेव्हा चर्चच्या बायका भजनाची तालीम करायला लागल्या. मातियाला कोणीतरी फोन केला की आईच्या घरात वल्कलांचा ढीग लागलाय. तो त्याच शनिवारी आला, काळा कोट घालून. मी अंगणात बसून शेंगा सोलत होते. मला बघून त्याचा चेहरा असा पडला की मलाच क्षणभर वाटलं, मरायला हवं होतं. "मम्मी, तू ठीक आहेस?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझा कोट छान आहे, जपून ठेव." चहा पिता पिता बाबांच्या जमिनीचे कागद कुठे आहेत, हे त्याने फारच सहज विचारलं. बसला होता वल्कलांच्या ढिगावरच. मीही फारच सहज सांगितलं नाही.

बरी मात्र होत गेले. मटोके मऊ करून, भोपळा, उकडलेला मासा, कोबी आणि राजमा बंद. पिशवी धरून ठेवायला पोन्सियानोने बांधलेल्या पट्ट्याची शिवण उलटी, हे मला एका नजरेत कळलं. मी जुन्या गणवेशाच्या निळ्या कापडाचे नवे पट्टे शिवले, आता त्याच्या वॉर्डातल्या सगळ्या पिशवीवाल्यांच्या कमरेला माझ्या शाळेचा रंग आहे. जूनमध्ये मिसाला गेले. फादरनी प्रसाद वर उचलला, सगळं चर्च शांत, आणि माझ्या पोटाने असा लांबलचक आवाज काढला की मागच्या बाकावरची पोरं खुदखुदली. चाळीस वर्षांचा सराव कामी आला. मी पुढच्या बाकावरच्या बाईच्या पाठीकडे अशा नजरेने बघितलं की सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं. मिस संपल्यावर तीच बाई माझा हात धरून म्हणाली, "देव परीक्षा बघतो हो." मी म्हटलं, "बघू दे, पण प्रश्नपत्रिका तरी नीट काढायची." असल्या कनवाळू बायकांचा मला किती तिटकारा आहे ते तुला माहीत आहे. तुझ्या नवऱ्याने एकदाही माझी कीव केली नाही. तो येतो, हात धुतो, काम करतो, काय खाल्लं विचारतो, रंग बघतो, जातो. मी त्याला सतत टोमणे मारायचे. "अकरा वर्षं भिंतीआड होतास ते बरं होतं, बघण्यासारखं फार काही चुकलं नव्हतं," असं एकदा म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "आई, तुम्हीही आवाजावरून उंच वाटायचात."

दर खेपेला मी त्याच्या हातांकडे बघायचे. मी मानत नाही असं म्हणत म्हणत बघायचे. दोन महिन्यांत ते एकदाच थरथरले. मी सहज बोलून गेले, "नामुलीलाही असंच शेंगदाण्याचं सोसत नसे." रिंग त्याच्या बोटांतून निसटली. त्याने ती उचलली, धुतली, पुन्हा लावायला घेतली, आणि दुसऱ्यांदा निसटली. मग तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला कळलं की ही थरथर वल्कलाने थांबणारी नाही. तू त्याची तीन पत्रं उत्तर न देता ठेवलीस हे मला माहीत होतं. तू मस्कतला काय करतेस हेही मला माहीत आहे, आत्याने सांगितलं. मी गावात सांगते की माझी मुलगी तिकडे सुपरवायझर आहे. तू एका म्हाताऱ्या शेठाणीला आंघोळ घालतेस आणि तिचं सगळं करतेस. ज्या कामासाठी मी तुझ्या नवऱ्याला नावं ठेवली तेच काम करायला मी तुला समुद्रापलीकडे पाठवलं. हे वाचताना तुला हसू आलं तर हस, मला त्या खिडकीकडे बघताना आलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला तो अकरावं वल्कल घेऊन आला. ते जुनं होतं, कापराचा वास येत होता. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ते त्याच्या वडिलांनी स्वतःच्या दफनासाठी पेटीत जपून ठेवलेलं. म्हातारा अजून धडधाकट आहे आणि पेटी रिकामी बघून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. मी म्हटलं, "बस झाला हा मूर्खपणा." आणि मी त्याच्यापुढे कॉफीची बी गिळून रक्ताचं नातं जोडायच्या आपल्या जुन्या रीतीची गोष्ट काढली. एका फळातल्या दोन बिया, एक त्याने गिळायची, एक मी, एकमेकांच्या बेंबीजवळचं थेंबभर रक्त लावून. म्हणजे तो माझ्या रक्ताचा. मुलाने आईचं अंग पुसलं तर कुठलीच थरथर लागत नाही. फादरना कळलं असतं तर त्यांनी मला चर्चबाहेर काढलं असतं, पण तसंही माझ्या पोटामुळे त्यांना ते हवंच होतं. बेंबीजवळ कापायचं तर माझं डॉक्टरांनी आधीच कापलेलं. पोन्सियानोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, मी तुमच्या रक्ताचा झालो, तर मग नामुली माझी कोण?" ती बहीण होते, हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. आपल्यात बहिणीशी संसार करता येत नाही. तो नाही म्हणून गेला. तीन दिवसांनी, गुरुवारी, पुन्हा आला, पिशवी बदलली आणि हात पुसत मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. त्याने बी गिळली.

त्यानंतरचे दोन आठवडे मी सुखात होते, नामुली. इतकी वर्षं लिहितेय पण हे वाक्य मी कोणाला लिहिलेलं आठवत नाही. तो आता दारात थांबत नव्हता. सरळ स्वयंपाकघरात यायचा, झाकण उघडून बघायचा, "काय केलंय?" विचारायचा. माझ्यासमोर बसून जेवायचा. तो जेवताना तोंडातल्या तोंडात गाणं म्हणतो हे तुला माहीत असेल, मला नव्हतं. "अरे पोरा," असं मी त्याला हाक मारायला लागले. माझा स्वतःचा मुलगा गॅरेजशेजारी खोली देतो आणि हा माझ्या पिशवीतला रंग बघून सांगतो की काल भोपळा जास्त झाला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा पोट उघडून आतडं जोडणार आहेत. माझ्या वयात ते जमेलच असं नाही, डॉक्टर तोंडाने म्हणतात जमेल. इस्पितळाच्या कागदावर जवळचं माणूस म्हणून मी 'मुलगा, पोन्सियानो लुबवामा' असं लिहून दिलं. हस्ताक्षर बघण्यासारखं आलं होतं.

आता तुझ्या निरोपाचं. तो आत्याने मला मंगळवारी सांगितला. बी आम्ही गुरुवारी गिळली. मध्ये दोन दिवस होते, आणि त्याला कळवायचं काम मी आत्याकडून मागून घेतलं होतं, मीच सांगते म्हणून. गुरुवारी त्याने मला विचारलेला प्रश्न हा होता, "आई, नामुलीकडून काही आलंय का?" मी म्हटलं, "काही नाही. तिने तुला केव्हाच पुसून टाकलंय." माझ्या डोळ्यांत बघून त्याने ते ऐकलं. मी आयुष्यभर लोकांना कमी लेखलं, आणि एवढं हलकं काम त्यांच्यातल्या एकानेही केलेलं नाही. आत्याला हे काल कळलं. ती म्हणाली, "वहिनी, तू माझ्या भाचीचा नवरा चोरलास," आणि पदर झटकून कुळातल्या वडीलधाऱ्यांकडे गेली. ते म्हणाले, फसवून गिळवलेली बी बांधत नाही, पण सांगायला हवं तिनेच. आज सकाळी तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं, सगळं, मंगळवार आणि गुरुवार दोन्ही. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान मला नावं ठेवील, मी तयार होते. तो चिडला नाही. "ती येतेय?" एवढंच म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला की मी काय केलं ते त्याला ऐकूच आलं नसावं. त्याने हातातलं काम नीट पुरं केलं, पट्टा बांधला, आणि म्हणाला, "मग आई, आता मी पुन्हा जावई, आणि वल्कलंही संपली. मला आत येता येणार नाही." जाताना दार त्यानेच ओढून घेतलं. ही पिशवी परवा बदलायला हवी, आणि ऑक्टोबरला अजून सव्वादोन महिने आहेत. तुझ्या शेठाणीला दुसरी कोणीतरी मिळेल. ख्रिसमसपर्यंत थांबू नकोस. आधी त्याच्या घरी जा, तो वाट बघतोय. मग माझ्याकडे ये, आणि हात धुऊन ये. मला कोणीतरी हवं आहे.

तुझीच, आणि तुझ्यासमोर मान खाली घातलेली,
आई तेओपिस्ता